पाइप सोडून गेलेला माणूस

मी बंबाचा चालक होतो. एकतीस वर्षं. चालकाचं काम असं, की बंब आगीपर्यंत न्यायचा, पंप सुरू करायचा आणि पंपाशी उभं राहायचं. आत जायचं नाही. आत जातात ते जवान. चालक हौसेनं आत गेला आणि मागे पंप बंद पडला, तर आतले सगळे कोरडे. म्हणजे एकतीस वर्षं मी आग पाहिली ती बाहेरून, शेजारच्यांचं भांडण आपण जिन्यात उभं राहून ऐकतो तशी. पण आतल्या गोष्टी सांगायला लोक मलाच धरायचे. कारण जे आत जायचे ते बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यायचे आणि भिंतीला टेकून गप्प बसायचे. कुणीतरी बोलायला नको?

तर मी बोलायचो. एकदा धूर इतका दाट होता की मी टोपी काढून हवेत टांगली आणि काम संपल्यावर तिथूनच परत घेतली. एकदा विहिरीतून गाढव वर काढलं, तर ते मालकाला सोडून आमच्या मागोमाग स्टेशनवर आलं आणि आठवडाभर टेलिफोनच्या खोलीबाहेर ड्यूटी देऊन गेलं. बटाट्याच्या गोदामाला आग लागली तेव्हा अर्धा गाव पाण्याऐवजी मीठ घेऊन धावला. माझ्या बोलण्यातलं पाणी काढूनच लोक ऐकायचे, आणि खातंच पाण्याचं असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

ही गोष्ट मात्र बहिणीला विचारून लिहितोय. तिचा नवरा गेल्याला आता वर्ष होईल. ती म्हणाली, "लिही दादा. पण वाढवू नकोस."

तिचा नवरा माझ्याच स्टेशनवर जवान होता. घरी मी त्यांना दाजी म्हणायचो आणि ते मला मेव्हणे. स्टेशनवर त्यांना सगळे सावकाश म्हणत. शिडी चढताना ते प्रत्येक पायरीला आधी पायानं विचारून घ्यायचे आणि तिनं होकार दिला की मगच वजन टाकायचे. चहा गार झाला तरी फुंकून प्यायचे. कुठं आग लागली, कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की आम्हाला फोन यायचा. त्याला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दीची घंटा झाली की बाकीचे उड्या मारून बंबावर, आणि दाजी आधी हेल्मेटचा पट्टा बघणार, मग कमरेचं बक्कल, मग पुन्हा हेल्मेटचा पट्टा.

"सावकाश, या हो निवांत!" आमचा पैलवान बंबावरून ओरडायचा. हा पैलवान दाजींचा जोडीदार. "आग म्हणाली, तुम्ही आल्याशिवाय पेटत नाही."

"येतोय, येतोय. ती काय पळून चाललीय?"

भित्रे होते का? होते. घरी रात्री पाणी प्यायला उठायचं तर बायकोला हाक मारायचे. पण भीत भीत का होईना, आत जायचे. प्रत्येक वेळी जायचे. ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्यापेक्षा हा माणूस दुप्पट मोठा, एवढं माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही. मला वाटायचं, आपला दाजी जरा दिसायला कमी पडतो. आपण त्याला थोडा रंग द्यावा.

आणि रंग द्यायची संधी आली.

कापड शिवायच्या एका कारखान्याला दुपारी आग लागली. दुसरा मजला, जिना धुरानं भरलेला. एक म्हातारा शिंपी वर राहिला होता. दाजी आणि पैलवान पाण्याचा पाइप घेऊन आत गेले. इथं पाइपाबद्दल सांगायला हवं. धुरात आपलाच हात आपल्याला दिसत नाही. आत गेलेल्या माणसाला बाहेरची वाट एकच, हातातला पाइप. पाइपाचे तुकडे एकमेकांना पितळी जोडानं जोडलेले असतात. त्या जोडावरून बोटं फिरवली की पाणी कुठून येतंय, म्हणजे दार कुठल्या बाजूला आहे, ते अंधारातही कळतं. म्हणून पहिल्या दिवशी जवानाला शिकवतात ते हे, की बायको सोडली तरी चालेल, पाइप सोडायचा नाही.

दाजींनी तो सोडला नाही. एक हात पाइपावर, दुसऱ्या हातानं जमीन चाचपडत ते कापायच्या टेबलाखाली पोचले. तिथं म्हातारा कापडाच्या ठाणांत डोकं खुपसून बसला होता. त्याचं बखोट धरून, पाइपावरून सरपटत, दोघं त्याला खाली घेऊन आले. म्हातारा वाचला. दाजी मात्र पाइप सोडेनात. सोडेनात म्हणजे त्यांना सोडताच येईना. बोटं आखडून गेली होती. आमच्या तांडेलानं, म्हणजे तुकडीच्या म्होरक्यानं, त्यांच्याजवळ बसून एकेक बोट उलगडलं. मी पंपाशी उभा राहून बघत होतो. दाजींची पँट ओली होती, आणि ते पाणी पंपाचं नव्हतं.

"मेव्हणे," ते पुटपुटले, "घरी नका सांगू."

"छे छे," मी म्हणालो. आणि खरंच नाही सांगितलं. दुसरंच सांगितलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी बाकावर पाय वर घेऊन बसलो. म्हणालो, पाइप संपला. पुढं आणखी पन्नास फूट खोली. पैलवान म्हणाला मागं फिरू. तेव्हा आमच्या सावकाशनं पाइप खाली ठेवला, असा, हळूच, झोपलेलं मूल ठेवतात तसा. डोळे मिटले. कारण धुरात डोळे उघडे ठेवून काय करायचं? आणि कान लावले. लांब कुठंतरी म्हातारा खोकला. सावकाश त्या खोकल्याच्या मागे मागे गेला. परत येताना म्हातारा बेशुद्ध, खोकला बंद. मग कशाच्या आधारानं आला? तर खाली आत्याबाई घुरघुरत होती, तिच्या आवाजावर आला. आत्याबाई म्हणजे आमचा बंब.

टपरीवाला किटली धरून तसाच उभा राहिला. चहा उतू गेला. हे वाढवून सांगत नाही, खरंच उतू गेला.

दोन दिवसांनी दाजींनी मला बंबामागं गाठलं. "मेव्हणे, मी पाइप सोडला नव्हता."

"मला ठाऊक आहे. पण गोष्टीत पाइप आडवा येतो हो. पाइप धरून कुणीही जाईल."

"धरूनच जायचं असतं."

"ते कामात. ही गोष्ट आहे."

त्यांनी मान हलवली आणि हेल्मेटचा पट्टा बघितला. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाले, पण जरा कमी जोरात. महिन्याभरानं त्यांच्यादेखत मी तीच गोष्ट सांगत होतो. शिंप्याबरोबर आता त्याची बायको, भाऊ आणि शिलाई मशीनही बाहेर काढलं जात होतं. तेव्हा दाजी मधेच म्हणाले, "मशीन नव्हतं." बस्स. बाकी सगळं राहू दिलं.

गोष्टीला पाय फुटले. रस्त्यात लोक दाजींना वाट द्यायला लागले. माझी आई जावयाला खुर्चीवर बसवून स्वतः स्टुलावर बसायला लागली. भाचीनं शाळेत 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहिला, तो वर्गात वाचून दाखवला गेला. वर्द्यासुद्धा बदलल्या. पूर्वी फोन यायचा, मुलाचं डोकं जिन्याच्या कठड्यात अडकलंय, लवकर या. आता फोन यायचा, मुलाचं डोकं कठड्यात अडकलंय, ते पाइप सोडून जाणारे आहेत का ड्यूटीवर? नसतील तर थांबतो आम्ही. कठड्यातून डोकं काढायला पाइप कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही.

दाजी ताठ चालायला लागले. मला फार आनंद व्हायचा. त्या मूर्तीची माती मीच कालवली होती ना.

एकटी बहीण तेवढी फसत नव्हती. एकदा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "दादा, खरं सांग. सोडला होता त्यांनी पाइप?"

"म्हणजे काय!"

"मोरीतला दिवा गेला तर मला पुढं घालतात ते."

"घरची गोष्ट वेगळी, कामाची वेगळी. तू आपल्या माणसाला ओळखतच नाहीस."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढची जुडी हातात घेतली. ज्या एका माणसाशी खोटं बोलायला नको होतं, तिच्याशीही मी सराईतासारखा बोललो. जिभेला सवय झाली की तिला समोर कोण आहे ते दिसत नाही.

दोन वर्षं गेली. जुना तांडेल निवृत्त होऊन मुलाकडं राहायला गेला. पैलवानाची बदली झाली. नवा तांडेल आला, तरुण, हुशार, नियमाचा पक्का. त्यानंही गोष्ट ऐकली, माझ्याच तोंडून. म्हणजे आता स्टेशनवर खरं काय ते माहीत असणारे दोघंच उरले, दाजी आणि मी.

मग पुठ्ठ्याच्या गोदामाची वर्दी आली. दुपारी अडीचची वेळ. गोदाम लांबलचक, आत छतापर्यंत पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि मधे चिंचोळ्या वाटा. पाइपाचा एक तुकडा आठवड्यापूर्वी फाटून दुरुस्तीला गेला होता. उरलेले सगळे जोडले तरी पाइप निम्म्या गोदामापर्यंतच पोचत होता. शेजारच्या गावचा बंब निघाला होता, त्याला वीस मिनिटं लागणार होती.

आणि गोदामाच्या राखणदाराची बायको दारात उभी होती. "ते आत आहेत. मागच्या खोलीत जेवून झोपतात ते. रोज झोपतात. काढा हो त्यांना!"

दाजी पाइप संपेपर्यंत आत जाऊन परत आले. मुखवटा वर केला. "पुढं जाता येत नाही. पाइप संपला."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तर सावकाश! हे जातात पाइप सोडून!"

"हो हो, शिंप्याला काढलं होतं ते!"

"खोकल्याच्या आवाजावर गेले होते. डोळे मिटून!"

माझेच शब्द. माझीच वाक्यं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. ती बाई दाजींच्या पायाशी बसली. "भाऊ, जा. तुम्ही गेलात तर येतील ते."

तांडेल घुटमळला. नियम त्याला पाठ होता. तो माझ्याकडं, पंपाकडं आला. "चालक, तुम्ही होतात ना त्या वेळी? खरंच सोडला होता यांनी पाइप? मला खरं सांगा."

त्याच्या खांद्यावरून मला दाजी दिसत होते. ते माझ्याकडं बघत होते. काजळलेला चेहरा आणि त्यात दोन डोळे. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी म्हणालो असतो, "साहेब, ती थाप होती." चार शब्द. एकतीस वर्षांत लाखो शब्द उधळले, त्यातले चार. पण समोर शंभर माणसं होती, पायाशी ती बाई होती, आणि मला वाटलं, दाजी डोळ्यांनी सांगताहेत, मेव्हणे, चारचौघांत माझी लाज काढू नका. तसं वाटलं, की तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं, ते अजून मला कळलेलं नाही.

मी मान हलवली. वरून खाली. होकाराची.

तांडेलानं हात केला. दाजींनी मुखवटा खाली घेतला. हेल्मेटचा पट्टा बघितला, बक्कल बघितलं, पुन्हा पट्टा बघितला, आणि आत गेले. पाइपाचं टोक दारापासून ऐंशी फुटांवर पडलेलं होतं. तिथून पुढं ते कसे गेले ते मी सांगू शकत नाही. मी बाहेर होतो.

पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते. बारा-तेरा मिनिटांनी ती वाजायला लागली. बाहेर आम्हाला ऐकू येत होती. आधी डावीकडून, मग मागच्या बाजूनं, मग मधून. शिट्टी फिरत होती. त्यांना वाट सापडत नव्हती. मी आत्याबाईचा पंप होता नव्हता तेवढ्या जोरात चालवला. हॉर्न दाबून धरला. वेड्यासारखा दाबून धरला, की आवाजावर येतील. गोष्टीत आले होते ना.

आले नाहीत. पुठ्ठ्यांच्या थप्प्यांत आवाज चारी बाजूंनी सारखाच येतो म्हणे. मग शिट्टी थांबली.

तेवढ्यात गर्दीच्या मागून सायकलची घंटी वाजली. राखणदार. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल गुळगुळीत, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल. झोप येईना म्हणून दाढी करायला गेला होता. कुणीतरी सांगितलं गोदाम पेटलंय, तसा अर्ध्यातून उठून आला. त्याची बायको त्याच्याकडं बघून हसायला लागली, मग रडायला लागली. मी कितीही मोठा थापाड्या असलो तरी तो फेस माझ्या पदरचा नाही.

दुसऱ्या बंबाच्या माणसांनी लांब पाइप नेऊन दाजींना बाहेर काढलं. जिवंत होते. दोन थप्प्यांच्या मधे जमिनीला तोंड लावून पडलेले. दवाखान्यात पाच आठवडे काढले. छाती गेली. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण जिना चढायचा नाही.

चौकशी झाली. तांडेलानं अहवालात लिहिलं, 'सदर जवानास पाइपविना आत जाण्याचा पूर्वानुभव होता.' त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी. सही करताना हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल. नाही थरथरला. बहिणीनं त्यानंतर मला काहीच विचारलं नाही. पाइपाचंही नाही, दुसरंही नाही. घरी गेलो की म्हणायची, "बस. चहा टाकते." बास.

दाजींना टेलिफोनवर बसवलं. पाच वर्षं ते वर्द्या घेत होते. "हं... कुठं?... जिना आहे का... कितवा मजला?" तीन शब्द, एक श्वास. बाहेरची मंडळी आली की त्यांना हटकून ती गोष्ट विचारायची. शिंप्याची. आणि दाजी सांगायचे. मी दिलेली, जशीच्या तशी. "मग... पाइप खाली ठेवला... हळूच..." मी शेजारच्या खोलीत बंब पुसत ऐकायचो. सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मी मात्र पुसलेलाच पत्रा पुन्हा पुसत राहायचो.

ते काम सोडून घरी बसणार त्या दिवशी स्टेशनवर निरोपाचा कार्यक्रम झाला. बंब बाहेर काढून त्याच्या जागी बाकं मांडली. मोठे साहेब आले. भाषण झालं. साहेब म्हणाले, "आता ती प्रसिद्ध गोष्ट चालकसाहेबांच्याच तोंडून ऐकू या."

मी उठलो. आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. म्हणालो, "मंडळी, यांनी पाइप सोडला नव्हता. इतका घट्ट धरला होता की बाहेर आल्यावर बोटं उलगडावी लागली. घाबरले होते. घाबरून गेले आणि शिंप्याला घेऊन आले. पाइप सोडल्याचं मी रचलं. सगळं मी रचलं."

साहेबांच्या हातातला कप हवेतच. मग दाजी हसले. हसता हसता खोकला आला, पाणी दिलं, पुन्हा हसले. "बघा... इतकी वर्षं... खरं बोलले... आणि आता म्हातारपणी... थापा सुचायला लागल्या!"

काय हशा पिकला! साहेब डोळे पुसत म्हणाले, "चालकसाहेब, मानलं तुम्हाला, उलटी गोष्टसुद्धा झकास सांगता!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. आणि मग दाजींनी स्वतः गोष्ट सांगितली, श्वास घेत घेत. शिंपी, त्याची बायको, त्याचा भाऊ. या वेळी मशीनही काढलं.

संध्याकाळी त्यांना घरी सोडायला मी चालत निघालो. घर जवळच होतं, पण आम्हाला प्रत्येक विजेच्या खांबाशी थांबायला लागायचं. दुसऱ्या खांबाला हात टेकवून म्हणाले, "मेव्हणे, आज हे काय काढलंत?"

"खरं काढलं."

"ते मला माहीत नाही?" त्यांनी श्वास घेतला. "त्या दिवशी... गोदामापाशी... बघत होतो तुमच्याकडं. म्हटलं, आता बोलतील. मला नाही हो... बोलता येत होतं. चारचौघांत. तुम्हाला आलं असतं. तुम्हाला... काहीही बोलता येतं."

मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही म्हणताय नका बोलू."

"नाही." त्यांनी खांबावरचा हात बदलला. "बोला म्हणत होतो."

रस्त्यावरून एक ओळखीचा माणूस गेला. त्यानं हात वर करून विचारलं, "काय सावकाश, बरं आहे ना?" दाजींनीही हात वर केला.

मग म्हणाले, "आता मात्र नका बोलू. छाती गेली... ती कशासाठी गेली... तर दाढी करायला गेलेल्या माणसासाठी. मग माझ्याकडं राहिलं काय? तेवढी शिंप्याची राहू द्या."

"शिंपी तर खराच आहे, दाजी. तुम्ही त्याला खरंच काढलंय. पाइप धरून."

"पाइप धरून..." ते म्हणाले, जणू ही माहिती कुणाच्या तरी दूरच्या नातेवाइकाबद्दल असावी. "ते कुणाला सांगायचं आता?"

पुढचा खांब चाळीस पावलांवर होता. तेवढ्यात आम्ही तीनदा थांबलो. दारात बहीण उभी होती. तिनं त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि मला म्हणाली, "बस. चहा टाकते."